माकडाच्या पेशींपासून लॅबमध्ये डोळ्याचा पडदा – आईसाठी यातलं कितपत खरं धरू?

रेवती_मिरज
नमस्कार मंडळी. थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आई ७१ वर्षांची, मिरजेत असते. दोन वर्षांपूर्वी एकदा म्हणाली, देवघराच्या दाराची चौकट मधेच वाकलीये, सुतार बोलव. चौकट सरळच होती. तेव्हा डोळ्याचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नंतर तपासणीत कळलं की मॅक्युला, म्हणजे पडद्याचा बरोब्बर मधला भाग, झिजतोय. कोरड्या प्रकारचा म्हणाले. आता असं झालंय की उंबऱ्यावर बसलेली मांजर तिला दिसते पण समोर बसलेल्या माझं तोंड दिसत नाही. मी बोलले की मग म्हणते, अगं रेवा तू होय.

गेल्या महिन्यात एका नातेवाईकांनी बातमी पाठवली की माकडाच्या स्टेम सेलपासून (म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी घडवता येतात अशा मूळ पेशी) लॅबमध्ये डोळ्याचा पडदा वाढवलाय. आणि त्याच आठवड्यात एका क्लिनिकचा (नाव लिहीत नाही) फोन, की ताई हेच तंत्र आमच्याकडे आहे, पोटाची चरबी काढायची, त्यातून स्टेम सेल काढायच्या आणि दोन्ही डोळ्यांत इंजेक्शन, एका दिवसात घरी. २ लाख ८० हजार. दादानं २५ हजार टोकन भरूनसुद्धा टाकलं कारण आईची अवस्था बघवत नाही त्याला.

माझे प्रश्न: लॅबमध्ये पडदा वाढतो हे खरं का? हे क्लिनिकवाले करतात ते तेच का? आणि माकड कशाला मधे?

भाऊ_जुन्नर
टोकन दिलंय पण बाकीचे देऊ नका अजून. जाणकार येतीलच.

मुक्ता_ठाणे
रेवती, चौकटीचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या सासूबाईंनी "फरशीला पोक आलंय" म्हणून गवंड्याशी भांडण काढलं होतं. त्यांचा ओल्या प्रकारचा निघाला, म्हणजे पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या पाझरतात तो, डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत, त्यानं थांबलंय. पण ती औषधाची इंजेक्शनं, स्टेम सेलची नव्हेत. नाव तेवढं सारखं म्हणून गल्लत करू नका.

पेशीवाली
मी जर्मनीत ड्रेस्डेनला साडेतीन वर्षं हेच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाढतो का? हो, वाढतो, आणि पहिल्यांदा बघताना विश्वास बसत नाही. पण बातमीत वाटतं तसा आख्खा पडदा नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या आधी सुट्या करू.

एक म्हणजे पडद्यामागचा रंगाचा थर, त्याला आरपीई म्हणतात. एकाच पेशीच्या जाडीचा, षटकोनी पेशी फरशीसारख्या एकाला एक चिकटून बसलेल्या. त्यांचं काम म्हणजे पुढच्या प्रकाशपेशींचा रोजचा केर काढणं. प्रकाशपेशी रोज आपलं टोक थोडं टाकून देतात, साधारण १० दिवसांत आख्खं टोक नवीन होतं, आणि टाकलेलं हा थर गिळतो. हा थर मेला की केर साचतो आणि पुढच्या पेशी पण जातात. रेवती, तुझ्या आईचं बहुतेक हेच चाललंय.

दुसरा म्हणजे खरा पडदा, प्रकाश ओळखणाऱ्या दंडाकार आणि शंक्वाकार पेशींचा आणि त्यांच्या पुढच्या वायरिंगचा.

आता माकड. १९९५ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांनी ऱ्हीसस माकडाच्या भ्रूणापासून स्टेम सेल वेगळ्या केल्या, माणसाच्या १९९८ मध्ये. मग २००२ मध्ये जपानात क्योटोच्या गटाला माकडाच्या स्टेम सेलपासून मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी हव्या होत्या. उंदराच्या एका प्रकारच्या पेशींच्या गादीवर त्या वाढवल्या, आणि हव्या त्या पेशी मिळाल्याच, पण ८ टक्के पुंजक्यांत काळपट ठिपके पण दिसले. तो हाच रंगाचा थर! २००४ मध्ये तशा पेशी पडदा झिजणाऱ्या उंदरांच्या डोळ्यात घातल्या तर त्यांच्या प्रकाशपेशी जास्त टिकल्या. २००८ मध्ये उंदीर, माकड आणि माणूस तिघांच्या स्टेम सेलपासून दंडाकार-शंक्वाकार पेशींकडे जाणारी पद्धत बसली.

बाकी रात्री लिहिते, मुलाला शाळेतून आणायचंय.

गुहागरकर
माकड म्हणजे नक्की कुठलं हो? आमच्याकडे लाल तोंडाची ती केल्डी आणि काळ्या तोंडाची ती वानरं. यंदा केल्डींनी नारळाची शहाळी एक ठेवली नाहीत.

पेशीवाली
@गुहागरकर त्या कामात बहुतेक वेळा लांब शेपटीचं, खेकडे खाणारं म्हणतात ते आग्नेय आशियातलं माकड असतं, नाहीतर ऱ्हीसस. तुमची केल्डी त्यांच्याच कुळातली, चुलत बहीण समजा.

गुहागरकर
मग एवढे नारळ खाऊन डोळे तेज असणारच.

अबोली_०७
विषय माकडांच्या टोळीकडे वळला तर मला बोलायचंय. माझा याला विरोध आहे. डिशमधल्या पेशी ठीक, पण शेवटी त्या जिवंत माकडाच्या डोळ्यात घालून बघतात ना? आधी लेझरनं पडदा जाळायचा आणि मग दुरुस्त होतो का बघायचं. माकडाला कोण विचारतं? आपल्याकडून १९७८ मध्ये ऱ्हीससची परदेशी पाठवणी बंद झाली ती उगाच नाही.

डॉ_चष्मा
कोल्हापुरात डोळ्याचा डॉक्टर आहे, पडद्याचंच काम करतो.

अबोली, तुमचं म्हणणं खोटं नाही, आणि मी ते उडवून लावणार नाही. पण माकडच का याचं उत्तर आळस नाही, शरीररचना आहे. उंदराला मॅक्युलाच नसते. कुत्र्याला, सशाला पण माणसासारखी नसते. वाचण्यासाठी, सुईत दोरा ओवण्यासाठी, चेहरा ओळखण्यासाठी जो दीड मिलिमीटरचा खळगा लागतो तो सस्तन प्राण्यांत फक्त माकड-माणसांच्या कुळात. त्यामुळे उंदराच्या डोळ्यात जमलं म्हणून ते रेवतीच्या आईच्या मॅक्युलाखाली जमेल असं कुठलाही शहाणा डॉक्टर म्हणणार नाही.

अबोली_०७
रचना कळली. तरी "दुसरा मार्ग नाही" हे वाक्य मला नेहमी सोयीचं वाटतं. निदान किती माकडं, कशासाठी, किती वेदना हे उघड असावं.

तर्कट
अबोलीशी सहमत आणि असहमत दोन्ही. २०२० मध्ये आपली कोव्हॅक्सिन तपासायला नागपूरकडून ऱ्हीसस पकडून पुण्याला नेले होते, २० माकडांवर चाचणी झाली. त्या लशीचे दोन डोस माझ्या आईनं घेतले. मला त्या माकडांचं ऋण वाटतं, आणि म्हणूनच त्यांच्यावर केलेला प्रयोग वाया जाऊ नये, नीट छापला जावा, अपयश आलं तरी. अपयश लपवलं की तोच प्रयोग दुसरीकडे दुसऱ्या माकडांवर होतो.

अबोली_०७
हे मात्र पटलं.

पेशीवाली
आले परत. अबोली, एक भर घालते. डिशमधल्या पेशींमुळे जिवंत प्राण्यांवरचं बरंच काम खरंच कमी होतं. औषध विषारी आहे का, जनुक बिघडला तर काय होतं, हे आता पेशींच्या गोळ्यावर बघता येतं. शून्य होत नाही, पण कमी होतं.

आता गोळ्याची गोष्ट. जपानात कोबेला योशिकी सासाई नावाचे शास्त्रज्ञ होते. २०११ मध्ये त्यांच्या गटानं उंदराच्या स्टेम सेल एका छोट्या खळग्यात तरंगत्या ठेवल्या, पोषण दिलं, आणि त्या गोळ्याला आपोआप फुगा आला, तो फुगा स्वतःहून आत वळला आणि दुहेरी भिंतीची वाटी झाली. गर्भात डोळा जसा तयार होतो अगदी तसा! भोवती ना कातडी, ना भिंग, ना कुणी ढकलणारं. पेशींना आतूनच माहीत होतं. २०१२ मध्ये माणसाच्या पेशींत तेच, फक्त वाटी मोठी, जाड आणि हळू. सासाई २०१४ मध्ये गेले. आम्ही जे काही केलं ते त्यांच्याच वाटेवरून.

"हळू" या शब्दावर थांबा जरा, कारण लोकांना वाटतं मशीनमध्ये घातलं की आलं बाहेर. माणसाचा गोळा गर्भाच्याच घड्याळानं वाढतो. प्रकाशपेशींना टोकं फुटायला सहा-सात महिने लागतात. तेवढे दिवस एक दिवसाआड मिडियम (पेशींचं पोषणद्रव) बदलायचं, रविवार नाही, दिवाळी नाही. माझ्या पहिल्या बॅचचे गोळे साबुदाण्याएवढे झाले होते, कडेला काचेसारखी पारदर्शक पट्टी, ती पट्टी म्हणजे पडदा. एका गोळ्याच्या टोकाला काळा डाग आला, तिळाएवढा, नुसत्या डोळ्याला दिसणारा. तो रंगाचा थर. मी हूडमध्ये (जंतू येऊ नयेत म्हणून असतं त्या काचेच्या कपाटात) हात ठेवून तशीच बसून राहिले. १६३ व्या दिवशी बुरशी लागली आणि अख्खी प्लेट टाकून द्यावी लागली. इनक्युबेटरच्या दाराशी उभं राहून रडले, खोटं कशाला सांगू.

भाऊ_जुन्नर
आमचं टोमॅटोचं रोप पण असंच करतं, तोडणीच्या तोंडावर करपा. कळलं मला.

सांजवेळ
मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, पडद्याच्या पेशी हळूहळू मरत जातात तो आजार, वय ४१, बँकेत नोकरी, हे सगळं मोबाईल वाचून दाखवतो त्या टॉकबॅकवर ऐकतोय आणि बोलून लिहितोय त्यामुळे काना-मात्रा सांभाळून घ्या. माझं रेवतीताईंच्या आईच्या उलटं आहे, मधलं नळीतून बघितल्यासारखं थोडं उरलंय, कडेचं गेलं. लहानपणी गावाला संध्याकाळी सगळी पोरं खेळायची आणि मी विहिरीच्या कठड्याला हात लावून उभा असायचो, आजी म्हणायची रातांधळं आहे, गाजर खा.

बारा वर्षं मी "पाच वर्षांत येणार" ऐकतोय. पेशीवालीताई, तुमचं लिखाण आवडलं, पण मला सरळ सांगा, माणसांत किती झालं?

पेशीवाली
सरळच सांगते.

१२ सप्टेंबर २०१४, कोबे. मासायो ताकाहाशी यांच्या गटानं सत्तरीतल्या एका बाईंच्या डोळ्यात त्यांच्याच कातडीच्या पेशींपासून बनवलेला रंगाचा थर घातला. भ्रूण नाही, कातडीच्या पेशी मागे फिरवून स्टेम सेल केलेल्या, त्याच शोधाला जपानचे शास्त्रज्ञ यामानाका यांना २०१२ चं नोबेल. तुकडा केवढा? १.३ मिमी बाय ३ मिमी. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. तो टिकला, गाठ झाली नाही, नजर आहे तिथे राहिली. सुधारली नाही. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत जनुकीय बदल दिसले म्हणून २०१५ मध्ये त्यांनी स्वतः काम थांबवलं. मला या सगळ्यात सर्वांत मोठी गोष्ट ती वाटते, थांबणं. नंतर दात्याच्या, जुळणाऱ्या पेशी वापरायला सुरुवात झाली.

लंडनमध्ये २०१८ ला छापून आलं, दोन रुग्ण, ओल्या प्रकारात अचानक नजर गेलेले. वर्षभरानं एकाला तक्त्यावरची २९ अक्षरं जास्त वाचता आली, दुसऱ्याला २१.

आणि सांजवेळ, तुमच्यासाठी: २०२० मध्ये कोबेलाच प्रकाशपेशी असलेला पडद्याचा पत्रा रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या रुग्णांच्या डोळ्यात घातला. दोन जण, दोन वर्षं, पत्रा टिकला, अपाय झाला नाही. चमत्कार झाला नाही. नवीन पेशी जुन्या वायरिंगला किती जोडल्या जातात तिथे गाडी अडलीये. २०२३ मध्ये विस्कॉन्सिनच्या गटानं दाखवलं की गोळ्यातल्या पेशी सुट्या केल्यावर एकमेकींना परत जोडून घेतात, पण ते डिशमध्ये.

सांजवेळ
धन्यवाद. "पाच वर्षांत" म्हणाला नाहीत याबद्दल जास्त धन्यवाद.

भाऊ_जुन्नर
एक अडाणी प्रश्न. एवढा खटाटोप कशाला, लोक नेत्रदान करतात, तो डोळाच बसवायचा ना?

डॉ_चष्मा
अडाणी नाही, ओपीडीत रोज विचारतात. नेत्रदानातून बुबुळावरची पारदर्शक काच, कॉर्निया, तेवढीच बसवतात. डोळ्यापासून मेंदूकडे १० लाखांच्या वर तंतू जातात, ते तोडून परत जोडता येत नाहीत. म्हणून पडद्याच्या पेशंटला दुसऱ्याच्या डोळ्याचा उपयोग नाही. पण नेत्रदान करा, काचेचे पेशंट वाट बघतायत.

आता रेवतीकडे, कारण मूळ प्रश्न मागे पडला. ते क्लिनिकचं इंजेक्शन आणि वर पेशीवालींनी सांगितलं ते, यांचा काडीचा संबंध नाही. चरबीतून काढलेल्या पेशी रंगाचा थर होत नाहीत, प्रकाशपेशी होत नाहीत. फ्लोरिडात तीन बायकांना असंच पोटाची चरबी काढून दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचलं होतं, प्रत्येकीकडून ५ हजार डॉलर घेऊन. तिघींची नजर गेली, पडदे सुटले, डोळ्यात रक्तस्राव. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. खऱ्या चाचणीत आधी एकच डोळा करतात, तो पण वाईट असलेला. दोन्ही डोळे एका दिवशी म्हणणाऱ्याच्या दारातून माघारी फिरायचं.

आणि आपल्याकडे आयसीएमआरचे, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेचे, २०१७ चे नियम आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं बोन मॅरो वगैरे सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले तिथेच कळलं.

मुक्ता_ठाणे
डॉक्टर, भारतात खरं काम कुठे चाललंय का? म्हणजे नाव तरी नोंदवता येईल.

डॉ_चष्मा
हैदराबादला एल. व्ही. प्रसाद या डोळ्यांच्या संस्थेत पडद्याचे गोळे आणि रंगाचा थर दोन्हींवर काम आहे. बंगळुरूची आयस्टेम नावाची कंपनी रंगाच्या थराच्या पेशी घेऊन कोरड्या प्रकारासाठी चाचणीत उतरली आहे. पण नोंदवायचं ते चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, स्वतः नाव घालून शोधून. एजंटच्या फोनवरून नाही. आणि सगळ्यांना घेत नाहीत, पडद्याची अवस्था बघून निवडतात, तेव्हा अपेक्षा बेतानं ठेवा.

तर्कट
मला डॉक्टरांना एक टोचणी द्यायचीय. लोक एजंटकडे जातात कारण ओपीडीत तीन मिनिटांत "याला काही उपाय नाही" ऐकून बाहेर येतात. एजंट पाऊण तास बोलतो, आईची चौकशी करतो, चहा पाजतो.

डॉ_चष्मा
खरं आहे. मी पण तसं म्हणलंय पेशंटला, गर्दीच्या दिवशी. बदलायला हवं.

रेवती_मिरज
सगळ्यांचे किती आभार मानू. काल मिरजेत होते, दादाला आणि आईला हा धागा पहिल्यापासून वाचून दाखवला. फ्लोरिडाचं ऐकल्यावर दादा उठून अंगणात गेला, बराच वेळ आलाच नाही. टोकन परत मागितलं तर "प्रोसेसिंगमध्ये गेलं" म्हणाले. गेले तर गेले म्हणाला तो, आईचे डोळे तर आहेत.

आईला सगळ्यात काय आवडलं सांगू? तो तिळाएवढा काळा डाग. दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, त्या पोरीला विचार, प्लेट टाकल्यावर परत लावली का?

आणि हो, अबोली, तिनं माकडांबद्दल पण विचारलं, बरी होतात का ती. मला उत्तर देता आलं नाही.

पेशीवाली
आईंना सांग, त्याच आठवड्यात परत लावली. ती २१० दिवस टिकली.

अबोली_०७
आईंना माझा नमस्कार सांग. तो प्रश्न कुणी विचारत नाही.

सांजवेळ
रेवतीताई, वाट बघण्याच्या काळासाठी कामाच्या गोष्टी. आईंना मधलं दिसत नाही तर नजर थोडी बाजूला ठेवून बघायची सवय लावता येते, लो व्हिजन क्लिनिकमध्ये शिकवतात, शिकायला काही महिने जातात पण चेहरा बऱ्यापैकी कळतो. मोबाईलचा कॅमेरा भिंग म्हणून वापरा. पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी. ताटात पांढऱ्या भातावर पांढरं दही दिसत नाही, ताट गडद रंगाचं घ्या.

डॉ_चष्मा
सांजवेळनी माझं काम केलं. भर एवढीच: चौकटींचा तक्ता (अॅम्सलर) घरी लावा, एकेक डोळा झाकून रोज बघायचा. रेषा अचानक जास्त वाकल्या किंवा नवा काळा डाग आला तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे, कोरड्याचा ओला होऊ शकतो आणि ओल्याला उपाय आहे.

रेवती_मिरज
तक्ता देवघराच्या त्याच चौकटीला लावलाय. सकाळी दिवा लावला की आधी उजवा झाकते, मग डावा, आणि मला फोन करून सांगते, आज कालच्यासारखंच आहे गं.